आल्फ्रेड नोबेल : सुरुंग आणि संजीवनी

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठाशी एक सपाट दगड आहे. आजोबा रोज संध्याकाळी तेथे येऊन बसत. घरापासून विहिरीपर्यंतचा चढ तसा फार नव्हे. पण शेवटच्या काही वर्षांत तेवढ्या चढानेही त्यांच्या छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे होई. मग ते बोलता बोलता थांबत, सदऱ्याच्या खिशातून पत्र्याची एक लहानशी डबी काढत, तिच्यातली बारीक गोळी जिभेखाली ठेवत आणि डोळे मिटून घेत. चार-पाच मिनिटे जात. विहिरीतल्या पारव्यांचे घुमणे तेवढे ऐकू येई. मग ते डोळे उघडत आणि वाक्य जेथे मोडले होते तेथूनच पुढे सुरू करीत.

ती विहीर आजोबांनीच खोदवून घेतलेली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बहुतेक विहिरींनी तळ दाखवला होता. आजोबा तेव्हा चौतीस वर्षांचे होते. त्यांनी आजीच्या पाटल्या मोडल्या आणि खोदकाम काढले. वरची माती आणि मुरूम सरला, की खाली काळा कातळ! पहार त्याच्यावरून टणकन उडायची. मग सुरुंग लावणारी माणसे आली. कातळाला भोके पाडायची, त्यांत जिलेटिनच्या कांड्या बसवायच्या, वातीला बत्ती द्यायची आणि आरडाओरडा करीत लांब पळायचे, असा तो क्रम. ही हकीगत सांगताना आजोबा नेहमी शेवटच्या बाराशी येऊन थांबत. त्या बाराने कातळ फुटला आणि चिरेतून पाण्याची धार आली.

खिशातल्या त्या गोळीचे आणि विहिरीतल्या त्या कांडीचे काही नाते असेल, हे आम्हां कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आजोबांच्याही नव्हते.

मला ते कळले महाविद्यालयात आल्यावर, आणि तेही साहित्याच्या तासामुळे. रवींद्रनाथांना १९१३ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाविषयी बोलणे चालले होते. हा नोबेल कोण, असे सरांनी सहज विचारले. डायनामाइटचा शोध लावणारा, यापलीकडे वर्गातल्या कोणालाच काही सांगता आले नाही. मला स्वतःलाच त्याची लाज वाटली आणि मी ग्रंथालयात जाऊन त्याचे चरित्र वाचायला घेतले. विहीर फोडणारी कांडी आणि छाती मोकळी करणारी गोळी या दोघींचे कूळ एकच आहे, हे मला तेथे सापडले. म्हणून मित्रहो, आल्फ्रेड नोबेलचे चरित्र मी त्या दोन वस्तूंच्या अंगाने सांगणार आहे. त्याच्या आयुष्याचे सार मला तेथेच दिसते.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये झाला. वडील इमॅन्युएल हे हरहुन्नरी बांधकामतज्ज्ञ आणि संशोधक. पण लक्ष्मी त्यांच्याकडे टिकत नसे. आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. १८३७ साली ते नशीब काढायला परदेशी निघून गेले. मागे राहिलेल्या आईने, आंद्रिएट्टेने, दूध आणि भाजीपाल्याचे एक लहानसे दुकान चालवून मुले वाढवली. आल्फ्रेड या मुलांमध्ये सर्वांत नाजूक प्रकृतीचा. त्याचे बालपण खेळण्यापेक्षा अंथरुणातच जास्त गेले.

१८४२ साली हे कुटुंब रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे वडिलांकडे गेले. तोवर तेथे वडिलांचा जम बसला होता. रशियन सैन्यासाठी ते पाणसुरुंग तयार करीत. मुलांना शिकवायला घरीच उत्तम शिक्षक ठेवलेले होते. सतरा वर्षांचा होईतो आल्फ्रेडला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा पाच भाषा अवगत झाल्या. कलाशाखेच्या आम्हां विद्यार्थ्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे या मुलाचा ओढा साहित्याकडे होता. परक्या इंग्रजी भाषेत तो कविता लिही. वडिलांना हे लक्षण काही ठीक दिसेना. त्यांनी मुलाला १८५० साली युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला धाडले. पॅरिसला पेलूझ नावाच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेडने काही काळ काम केले.

याच पेलूझचा एक जुना इटालियन शिष्य होता, आस्कानिओ सोब्रेरो. ग्लिसरीनवर नायट्रिक आम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून त्याने १८४७ साली तुरीन येथे एक तेलकट द्रव तयार केला होता. तोच नायट्रोग्लिसरीन. त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ आपण केलेल्या पदार्थाची चव घेऊन पाहत. सोब्रेरोनेही एक कण जिभेला लावला, आणि त्याचे डोके असे ठणकू लागले की पुसू नका! दुसऱ्या एका प्रयोगात स्फोट होऊन त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटले. हा पदार्थ माणसाच्या हाती देण्याजोगा नाही, असे त्याचे मत झाले आणि तो त्यापासून दूर राहिला. नीट पाहिले तर डोके ठणकवणे आणि स्फोट होणे हे त्या द्रवाचे दोन्ही गुण सोब्रेरोला पहिल्याच वेळी भेटले होते. एका गुणातून पुढे औषध निघाले, दुसऱ्यातून सुरुंग. पण शोध लागला म्हणजे वस्तू माणसांपर्यंत पोहोचली असे होत नाही. मधली वाट फार लांबची आणि रक्ताने भिजलेली असते.

क्रिमियाचे युद्ध १८५६ साली संपले, सरकारी मागणी बंद झाली आणि तीन वर्षांत वडिलांचे दुसऱ्यांदा दिवाळे निघाले. आईवडील स्टॉकहोमला परतले. आल्फ्रेडच्या डोक्यात मात्र तो तेलकट द्रव घर करून बसला होता. पीटर्सबर्गच्या झिनिन या प्राध्यापकांनी त्याला एकदा ऐरणीवर त्या द्रवाचा थेंब ठेवून हातोडा मारून दाखवला होता. हातोडा पडला तेवढाच भाग कडाडला, बाकीचा तसाच राहिला. अडचण होती ती हीच. हवे तेव्हा हा द्रव पूर्ण पेटत नसे आणि नको तेव्हा घात करी. आल्फ्रेडने युक्ती काढली, की आधी थोड्याशा बंदुकीच्या दारूचा लहान स्फोट करायचा आणि त्याच्या धक्क्याने नायट्रोग्लिसरीनचा मोठा स्फोट घडवायचा. १८६३ च्या ऑक्टोबरात त्याने त्याचे पेटंट घेतले.

त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, आपल्याकडे बोर घाटातून रेल्वे सुरू झाली होती. तेथले पंचवीस बोगदे फोडायला छिन्नी, हातोडा आणि काळी दारू यांच्यापलीकडे फारसे काही नव्हते. सह्याद्रीच्या त्या कातळाने किती मजुरांचे प्राण घेतले हे आठवले म्हणजे नोबेलच्या युक्तीची जगाला किती निकड होती ते कळते.

परंतु निकड असली तरी किंमत चुकत नाही. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागातली नोबेल पितापुत्रांची शेड स्फोटात उडाली. पाच माणसे गेली. त्यांत आल्फ्रेडचा सर्वांत धाकटा भाऊ एमिल होता. त्याला एकवीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती, अजून शिकत होता. पुढे थोड्याच महिन्यांत वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. चरित्र वाचताना मी या पानाशी बराच वेळ थांबले. भावाची राख डोळ्यांसमोर असताना माणूस पुन्हा तोच पदार्थ हाती कसा घेतो? धैर्याने, की हट्टाने? की आता हे काम सोडले तर एमिलचे मरण फुकट गेले, या भावनेने? आल्फ्रेडने याविषयी फारसे बोलून ठेवलेले नाही. त्याने एवढेच केले, की शहरात बंदी झाली म्हणून मेलारेन सरोवरात नांगरलेल्या एका नौकेवर काम पुन्हा सुरू केले.

पुढची दोन वर्षे त्याच्या कसोटीची होती. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ एल्ब नदीकाठी क्र्यूमेल येथे त्याने कारखाना काढला आणि तेथून हे स्फोटक तेल डब्यांत भरून जगभर जाऊ लागले. ते झिरपे, हादऱ्याने पेटे, आणि ते वाहून नेणाऱ्या हमालांना आपण काय वाहत आहोत हे बहुधा ठाऊकच नसे. १८६६ च्या एप्रिल महिन्यात पनामाच्या किनाऱ्यावर एक जहाज उडाले आणि पंधरवड्याच्या आत सान फ्रान्सिस्को शहरात दुसरा भीषण स्फोट झाला. त्याच वर्षी क्र्यूमेलचा कारखानाही उडाला. देशोदेशींची सरकारे दारे लावू लागली. इंग्लंडने तर १८६९ साली कायदा करून नायट्रोग्लिसरीनची निर्मिती, आयात आणि विक्री यांवर बंदीच घातली.

आता हा द्रव पांगळा करायचा कसा? उत्तर क्र्यूमेलच्या आसपासच निघाले. तेथे कीझेलगूर नावाची पांढुरकी, भुसभुशीत, सच्छिद्र माती मिळते. सूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांची ती बनलेली असते. तीन भाग नायट्रोग्लिसरीन एक भाग कीझेलगूरमध्ये मुरवले की कणकेसारखा गोळा होतो. तो वळता येतो, कांडी करता येते, पेटीत भरून पाठवता येतो आणि योग्य धक्का मिळाल्याशिवाय सहसा उडत नाही. नदीत तराफा बांधून त्यावर आल्फ्रेडने हे प्रयोग केले. शक्ती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने नाव ठेवले डायनामाइट, आणि १८६७ साली पेटंट घेतले. पुढे आल्प्स पर्वतातला पंधरा किलोमीटर लांबीचा सेंट गॉटहार्डचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात डायनामाइटच्याच बळावर फोडला गेला.

आजोबांच्या विहिरीतली कांडी मात्र डायनामाइटची नव्हे, तिच्या धाकट्या बहिणीची. १८७५ साली आल्फ्रेडचे बोट कापले. त्या काळी जखमेवर कलोडियन नावाचे चिकट औषध लावीत. ते लावून तो निजला. पण बोटाच्या ठणक्याने झोप लागेना. तेव्हा हेच औषध नायट्रोग्लिसरीनमध्ये मिसळले तर काय होईल, असे त्याच्या मनात आले आणि तो रात्रीच प्रयोगशाळेत जाऊन बसला, असे सांगतात. त्यातून निघाला तो जेलीसारखा, पाण्यातही काम देणारा, डायनामाइटहून जोरकस पदार्थ. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ज्याला नुसते जिलेटिन म्हणतात ते याच वंशातले. म्हणजे जखमेवरच्या औषधाने सुरुंगाला हात दिला. त्याची परतफेड सुरुंगाने कशी केली, ते आता सांगते.

नोबेलच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या मजुरांची एक विचित्र तक्रार असे. सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके भयंकर दुखे. आठवडाभर काम केले की ते थांबे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. कातडीतून आणि श्वासातून अंगात जाणाऱ्या नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या सैल पडत, म्हणून डोके ठणके. हळूहळू शरीराला त्याची सवय होई आणि सुट्टीच्या दिवशी ती सवय मोडे. स्वतः आल्फ्रेडही या डोकेदुखीने हैराण असे.

जे डोक्याला दुखवते ते छातीला सुखवील का, हा प्रश्न मात्र कारखानदाराला नव्हे, वैद्यांना पडला. हृदयशूल म्हणजे अँजायना. हृदयाच्या स्नायूला लागेल तेवढे रक्त मिळेनासे झाले की छाती आवळून येते, चालता माणूस जागीच खिळतो. या दुखण्याचे रेखीव वर्णन इंग्लंडच्या हेबर्डन या वैद्याने अठराव्या शतकातच केले होते; पण त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. १८६७ साली, म्हणजे डायनामाइटच्याच वर्षी, लॉडर ब्रन्टन याने एडिंबरोत अमिल नायट्राइट हुंगवून ही कळ उतरते असे दाखवले. त्याचा परिणाम मात्र फार थोडा वेळ टिके. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातल्या विल्यम मरेल या तरुण वैद्याने नायट्रोग्लिसरीनच्या अगदी पातळ द्रावणाच्या बाटलीचे बूच जिभेला लावून पाहिले. नाडी उसळली, डोके धडधडले. पण त्याने धीर न सोडता पुन्हा पुन्हा स्वतःवरच प्रयोग केले आणि मग रुग्णांना थेंबाथेंबाने ते दिले. १८७९ साली त्याने आपले अनुभव लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता.

येथे मला एक साम्य दिसते आणि या लेखात सांगण्याजोगे खरे तेवढेच आहे. नायट्रोग्लिसरीन पाताळातल्या नागासारखे. त्याला जगभर फिरवायचे तर आधी टोपलीत घालावे लागते. नोबेलने त्याला मातीत मुरवून कांडी केली. लंडनच्या मार्टिंडेल या औषधविक्रेत्याने त्याचा कणभर अंश चॉकलेटात घालून गोळी केली. एकाने खाणीत न्यायची सोय केली, दुसऱ्याने खिशात ठेवायची. फरक मात्रेचा, आणि कोणाच्या हाती कशासाठी दिले याचा. नोबेलची कांडी पेटंटांच्या, कंपन्यांच्या आणि कज्जेदलालीच्या वाटेने जगभर गेली. त्याच्या नावावर शेवटी ३५५ पेटंटे होती आणि वीसएक देशांत मिळून सुमारे नव्वद कारखाने होते. मरेलची गोळी मात्र छापलेल्या चार पानांच्या वाटेने गेली. एका वैद्याने वाचले, दुसऱ्याला सांगितले, तिसऱ्याने वापरून पाहिले. औषधाच्या मार्गात एकच धोंड होती, ती नावाची. सुरुंगाचे नाव ऐकून रुग्ण गोळी तोंडात धरायला धजत ना. म्हणून फ्रान्ससारख्या देशांत ती ट्रिनिट्रिन या सौम्य नावाने मिळू लागली. आजही इंग्रज वैद्य तिला ग्लिसेरिल ट्रायनायट्रेट म्हणतात आणि अमेरिकन वैद्य सरळ नायट्रोग्लिसरीन.

आल्फ्रेड एव्हाना गडगंज श्रीमंत झाला होता आणि तेवढाच एकाकी. लग्न नाही, मूलबाळ नाही. पॅरिसला मोठे घर. पण मुक्काम सदा आगगाडीत आणि हॉटेलांत. १८७६ साली बेर्टा किन्स्की नावाची एक बुद्धिमान ऑस्ट्रियन स्त्री थोड्या दिवसांसाठी त्याची चिटणीस म्हणून आली आणि लग्नासाठी परत गेली. पुढे बेर्टा फॉन झुटनर या नावाने ती शांततेच्या चळवळीची अग्रणी झाली. दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत टिकला. १८८८ साली थोरला भाऊ लुडविग फ्रान्समधल्या कान गावी वारला, तेव्हा एका फ्रेंच वृत्तपत्राने घोटाळा करून आल्फ्रेडच्याच मृत्यूची वार्ता छापली, आणि तीही अशा सुरात की हा गृहस्थ मानवजातीचा उपकारकर्ता म्हणवेल की नाही याची शंकाच! जिवंतपणी आपली मृत्युवार्ता वाचायला मिळणे हे दैव म्हणायचे की दुर्दैव? त्या बातमीनेच त्याचे मन पालटले असे काही चरित्रकार मानतात. मला वाटते, माणूस एका बातमीने पालटत नसतो. पण आपल्यामागे आपले काय उरणार, हा प्रश्न त्याच्या मनात असलाच पाहिजे. १८८९ साली आई गेली, तेव्हा तिच्या वारशातून आलेल्या पैशांतून त्याने स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकीय संशोधनासाठी तिच्या नावाने निधी ठेवला. योहानसॉन या तरुण स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून रक्तसंक्रमणाचे प्रयोगही करवले.

शेवटच्या वर्षांत त्याची स्वतःची छाती आवळू लागली. १८९६ च्या ऑक्टोबरात तो पॅरिसला वैद्यांकडे गेला. निदान हृदयविकाराचे. आणि वैद्यांनी लिहून दिलेले औषध कोणते? नायट्रोग्लिसरीन! ज्या द्रवाने धाकटा भाऊ नेला, ज्याने कुबेराची संपत्ती दिली, ज्याने आयुष्यभर डोके उठवले, तोच आता जिवाच्या रक्षणासाठी कणाकणाने पुढे आला होता. आपला तरुण सहकारी राग्नार सोलमान याला त्याने पत्रातून ही हकीगत कळवली. हा नियतीचा उपरोध त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. औषधविक्रेत्यांनी आणि लोकांनी घाबरू नये म्हणून त्याचे नाव ट्रिनिट्रिन ठेवले आहे, याची नोंदही त्याने काहीशा विनोदाने केली.

१० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतल्या सान रेमो येथे मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. अखेरच्या घटकांत त्याच्या परक्या भाषा लोपल्या आणि मुखी केवळ मातृभाषा उरली, ती उशाशी असलेल्या नोकरांना समजत नव्हती. पाच भाषांच्या या स्वामीचे शेवटचे शब्द कोणाला कळलेच नाहीत. तरुणपणीच्या साहित्याच्या ओढीतून म्हातारपणी लिहिलेले त्याचे एक नाटक तेवढ्यात छापून होत होते. नातलगांनी दोनतीन प्रती ठेवून बाकीच्या नष्ट केल्या.

त्याआधी वर्षभर, २७ नोव्हेंबर १८९५ रोजी, त्याने पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली होती. सुमारे तीन कोटी दहा लाख क्रोनरची संपत्ती. तिच्या व्याजातून दरवर्षी पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता यांसाठी पारितोषिके द्यावीत, आणि ती देताना राष्ट्रीयत्व पाहू नये, असा त्याचा मथितार्थ. नातलग रुसले, वाद झाले. पण सव्वीस वर्षांच्या सोलमानने चिकाटीने ते मृत्युपत्र तडीस नेले. १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली. १९०५ चे शांततेचे पारितोषिक बेर्टा फॉन झुटनर यांना मिळाले.

कथेची शेवटची गाठ तब्बल १०२ वर्षांनी बसली. नायट्रोग्लिसरीन छातीची कळ का उतरवते, हे मरेलला ठाऊक नव्हते, नोबेललाही नव्हते. फेरिद मुराद यांनी १९७७ साली दाखवले, की त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांच्या संशोधनाने हेही उघड झाले, की आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर हाच वायू स्वतः तयार करते आणि त्यानेच वाहिन्या सैल होतात. वाहिन्या सैल झाल्या की हृदयावरचा भार उतरतो. या तिघांना १९९८ साली वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक नोबेलचे आणि उत्तरही त्याच्याच छातीतल्या कोड्याचे!

आजोबांच्या डबीतली गोळी सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. ही नायट्रोग्लिसरीनची चुलतबहीण; काम तेच, वायूही तोच. मूळ गोळी फार चंचल असते. ती काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवावी लागते, नाही तर औषध उडून जाते आणि हाती नुसती साखर उरते. आपल्यासारख्या उष्ण देशात या चुलतबहिणीचा आधार मोठा. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत या दोघींना स्थान दिले आणि ते पुढेही टिकले. गोळी स्वस्त, कोणाच्या पेटंटात न अडकलेली, शंभरावर देशांच्या वैद्यांना ठाऊक. एवढे सगळे झाले म्हणजे औषध जगाला मिळाले, असे आपण म्हणतो.

पण एका पावसाळी रात्रीची गोष्ट सांगते. मी तेव्हा सातवीत होते. आजोबांना मध्यरात्री कळ आली आणि डबी उघडली तर रिकामी. गोळ्या संपल्याचे त्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते. पोरांना कशाला ताप, हा त्यांचा स्वभाव. आमच्या गावात औषधाचे दुकान नाही. तालुक्याचे गाव चौदा किलोमीटरवर आणि मधला ओढा भरून आलेला. जगभर मिळणारी ती गोळी आमच्या ओसरीवर नव्हती. आई कंदील घेऊन चार घरे सोडून पलीकडच्या काकूंकडे धावली. त्यांच्या यजमानांनाही हाच आजार होता. त्यांनी फडताळातून कापलेली पट्टी काढून दिली. गोळी जिभेखाली गेली. पहाटे ओढा उतरल्यावर आजोबांना बैलगाडीतून पलीकडे आणि तेथून गाडीने रुग्णालयात नेले. गोळी वेळ निभावून नेते, उपचार वैद्यानेच करायचे असतात. आजोबा त्यानंतर चार वर्षे जगले.

त्या रात्रीचा अर्थ मला नोबेलच्या चरित्राने सांगितला. सोब्रेरोने शोधले, नोबेलने बांधले, मरेलने चाखले, मार्टिंडेलने गोळीत घातले, कोणी यादीत लिहिले. इतक्या हातांतून आलेली वस्तू शेवटच्या चार घरांच्या अंतरावर अडते, आणि तेवढे अंतर चालून जाणारे माणूस हवेच असते. आता आमच्या वाडीत एक रीत पडली आहे. कोणाच्या घरी या गोळ्या आहेत, हे सर्वांना ठाऊक असते आणि पोळ्याच्या दिवशी आई न चुकता सर्वांच्या डब्या तपासून येते.

विहीर अजून आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की कातळावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या पन्हळी स्पष्ट दिसतात. मी सुट्टीत घरी गेले की त्या सपाट दगडावर बसते. आजोबांची डबी आईने जपून ठेवली आहे. ती आता रिकामी नसते.